गिलावा आणि मूळ पाठ : जुन्या गोव्यातील बॉम जेझूस

तासगावहून निघालेली महाविद्यालयाची सहल जुन्या गोव्यात पोचते, तेव्हा बहुधा उन्हे चढलेली असतात. रस्त्याच्या एका अंगाला पांढरेशुभ्र से कॅथेड्रल आणि दुसऱ्या अंगाला तांबूस-काळसर, उघड्या दगडाचे बॉम जेझूस. विद्यार्थी पांढऱ्या चर्चकडे एकवार पाहतात आणि छायाचित्रे मात्र तांबड्याची काढतात. अनेक वर्षे आम्ही या तांबड्या भिंतीसमोर उभे राहून एकच वाक्य सांगत आलो : "पाहा, येथे रंगरंगोटी नाही, मुलामा नाही. चारशे वर्षांपूर्वी बांधली तशी मूळ वास्तू ती ही."

हे वाक्य चुकीचे होते. बॉम जेझूस चारशे वर्षांपूर्वी असे दिसत नव्हते; शंभर वर्षांपूर्वीही नव्हते. त्याच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा गिलावा होता, आणि तो विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकाच्या प्रारंभी मुद्दाम खरवडून काढण्यात आला. ज्याला आम्ही 'मूळ' म्हणत होतो, ती वस्तुतः वास्तूची सर्वांत अलीकडची अवस्था होय. एखाद्या गाइडकडून ही चूक झाली असती तर तिचे एवढे वाटले नसते. परंतु आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. प्रक्षेप कोणता, मूळ संहिता कोणती, लेखनिकाचा प्रमाद कोणता, हे पारखून घ्यावे असे विद्यार्थ्यांना बजावतो. त्याच आम्ही दगडाचा पाठ मात्र न पारखता स्वीकारला. प्रस्तुत लेख हा त्या चुकीची दुरुस्ती आहे. त्या निमित्ताने 'मूळ' या शब्दाचा थोडा विचारही करावयाचा आहे.

प्रथम वास्तूची हकीकत. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंचे निवासगृह, म्हणजे काझा प्रोफेसा, येथे १५८५ साली उभे राहिले. त्याला लागून असलेल्या चर्चची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते त्याचा अभिषेक झाला. खर्चाचा मोठा भार उचलला तो दों जेरोनिमो मास्कारेन्हास यांच्या मृत्युपत्राने. कोचीन आणि होर्मुझ येथे कप्तान म्हणून राहिलेला हा सरदार १५९३ साली वारला. चर्चच्या आत त्याचे स्मारक आहे. मसाल्याचा आणि घोड्यांचा व्यापार ज्या बंदरांतून चाले, त्या बंदरांवरचा पैसा या भिंतींत आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. 'बॉम जेझूस' हे नाव बाळ येशूचे. आतल्या मुख्य वेदीवर बाळ येशूची लहानशी मूर्ती आणि तिच्यावर जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची भव्य प्रतिमा आहे. वेदीची संपूर्ण पार्श्वभूमी सोनेरी मुलाम्याने झळाळते.

चर्चची लांबी १८३ फूट, रुंदी ५५ फूट आणि उंची ६१ फूट. दर्शनी भिंत मात्र याहून उंच, सुमारे ७८ फूट; आणि रुंदी ७५ फूट. उंची आणि रुंदी जवळजवळ सारखी असल्याने समोरून पाहणाऱ्याला एक मोठा चौकोन दिसतो. या चौकोनाचे तीन मजले आहेत. खाली तीन दरवाजे, मधला मोठा. त्यांवर तीन आयताकृती खिडक्या. त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे. आणि सर्वांत वर शिखरपट्टीवर येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे, जी जेझुइट संघाची मुद्रा आहे. गोव्यातल्या बहुसंख्य चर्चच्या दर्शनी भिंतीला दोन्ही बाजूंनी मनोरे असतात. येथे ते नाहीत. घंटेचा मनोरा आहे तो मागच्या अंगाला. आत गेल्यावर खांबांच्या रांगा आड येत नाहीत. एकच सलग दालन आहे, आणि दक्षिणेकडील भिंतीवर प्रवचनपीठ. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (१५४५ ते १५६३) कॅथलिक पंथाने प्रवचनावर जो भर दिला, त्याला जेझुइटांनी दिलेले हे वास्तुरूप होय. शेवटच्या माणसालाही शब्द ऐकू यावा अशी ही रचना आहे. आपल्याकडच्या कीर्तनमंडपाचा हेतू याहून फारसा वेगळा नाही.

आता दगडाकडे वळू. भिंती जांभ्याच्या आहेत. दर्शनी भागातील खांब आणि नक्षीकाम यांसाठी मात्र काळा पाषाण वापरला आहे, आणि तो वसईकडून समुद्रमार्गे आणला असे सांगतात. आम्हां तासगावकरांना काळ्या दगडाचे अप्रूप नाही. आमच्या विहिरी आणि ओटे त्याचेच. जांभा मात्र आमच्या भागाला परका. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांनी युक्त, सच्छिद्र, खाणीतून निघताना मऊ, आणि वाऱ्यावर पडला की कठीण होत जाणारा हा दगड. फ्रान्सिस ब्युकनन याने १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधील विटेच्या नावावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले, ते सार्थच आहे. कोकणातला पाथरवट त्याचे चिरे काढतो ते विटेसारखेच. परंतु हा कठीणपणा वरवरचा असतो. दगडाच्या पोकळ्यांत मातीचे कण असतात. सरळ मारा करणारा पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे भोके राहतात. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हा दागिना नसून कातडी असते. चुना स्वतः झिजतो आणि दगडाला झिजू देत नाही. भिंतीत मुरलेले पाणी वाफ होऊन बाहेर जाऊ देतो, आणि दर काही वर्षांनी त्याचा नवा हात द्यावा लागतो.

हे समजल्यावर दर्शनी भिंत नव्याने वाचता येते. पांढऱ्या चुन्याच्या पृष्ठभागावर काळ्या पाषाणाचे खांब, चौकटी आणि पट्ट्या : कागदावर शाईने ओढलेल्या रेघांसारखी ती योजना आहे. डोळा रेघांच्या आधाराने मजला चढत वरच्या अक्षरमुद्रेपर्यंत जावा, असा तिचा क्रम असला पाहिजे. आज पार्श्वभूमी तांबूस-काळी झाल्याने काळ्या रेघा तिच्यात बुडून जातात. अक्षरे आहेत, पण कागदच काळवंडला आहे. आम्ही ज्या 'रांगड्या साधेपणा'चे कौतुक करत आलो, तो बांधणाऱ्यांचा हेतू नव्हता.

हा गिलावा काढला कोणी? पोर्तुगालच्या शासकीय स्मारक-विभागातील वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली हे काम झाले. त्याचा काळ पाहण्यासारखा आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला १९५२ साली चारशे वर्षे पूर्ण होत होती आणि गोव्यात मोठे दर्शन भरायचे होते. १९५१ साली सालाझारच्या राजवटीने घटना बदलून वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' म्हणावयास सुरुवात केली होती; इकडे स्वतंत्र भारत गोव्याची मागणी करीत होता. अशा वेळी आपली सत्ता येथे किती प्राचीन आहे हे दगडांनी सांगावे, अशी गरज राज्यकर्त्यांना वाटली असल्यास नवल नाही. खुद्द पोर्तुगालमध्ये त्या राजवटीच्या काळात अनेक जुन्या चर्चवरचे नंतरच्या शतकांतले थर काढून त्यांना 'मूळ' मध्ययुगीन रूप देण्याचा सपाटा चालला होता, आणि कास्त्रो त्या कामातले जाणते होते. तेथील पद्धत त्यांनी येथे लावली. फरक एवढाच की तेथील चर्च बहुधा पक्क्या दगडाची होती, आणि येथला दगड गिलाव्याखाली राहण्यासाठीच वापरला होता. जी वास्तू दरवर्षी पांढरी होऊन ताजी राहत असे, ती एकाएकी जुनाट दिसू लागली. जुने दिसणे आणि जुने असणे यांत आपण सहसा भेद करत नाही. आम्हीही केला नाही.

येथे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला एक दुसरी घटना आठवावी. काझा प्रोफेसा पूर्ण होण्याच्या आदल्याच वर्षी, शके १५०६ म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पुरे केले. त्यांनीही थर काढले. मग एकनाथांचे काम आम्ही वंदनीय मानावे आणि कास्त्रो यांच्या कामाला चूक म्हणावे, हे कसे? फरक स्पष्ट आहे. एकनाथांनी पाठशुद्धी केली ती ज्ञानेश्वरांच्या शब्दावर इतरांनी चढवलेले शब्द बाजूला सारण्यासाठी. कास्त्रो यांनी जे काढले ते कोण्या लेखनिकाने नंतर घुसडलेले नव्हते. जांभ्यावर चुना ही बांधकामाचीच संहिता होती. प्रक्षेप समजून त्यांनी ग्रंथकर्त्याचेच शब्द गाळले. थर दिसला की तो उपराच असणार, हा समज संपादकाला नेहमीच घातक ठरतो.

बॉम जेझूसच्या अभिषेकानंतर अकरा वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. इंग्लंडात जन्मलेले आणि १५७९ साली गोव्यात आलेले हे जेझुइट. बॉम जेझूस पायापासून शिखरापर्यंत चढले त्या सबंध काळात ते गोव्यातच होते. त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी ओवी निवडली, 'पुराण' हे नाव निवडले आणि मराठीची थोरवी गायली. दोन पुराणांत मिळून सुमारे अकरा हजार ओव्या असलेला हा ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. त्याच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्याचे मानले जाते. छापील प्रत मात्र त्यांतील एकीचीही उपलब्ध नाही. आज आपण वाचतो तो पाठ हस्तलिखितांवरून सिद्ध झालेला. जे. एल. साल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ती देवनागरीत आणली. दरम्यान लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी दाखवून दिले. त्यात पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. मग मूळ कोणते? रोमन लिपीतला पोर्तुगीज शब्दांचा पाठ, की देवनागरीतला संस्कृतप्रचुर पाठ? कोणत्या पाठावर कोणता गिलावा चढला? हा प्रश्न अभ्यासकांनी सोडून दिला नाही, आणि घाईने एक पाठ खरवडूनही टाकला नाही. दोन्ही पाठ जपले, म्हणूनच प्रश्न विचारता येतो. भिंतीच्या बाबतीत ती सोय उरली नाही.

ख्रिस्तपुराण आणि बॉम जेझूस यांत आणखी एक साम्य आहे. ग्रंथाचा आशय बाहेरून आला आणि देह येथला. चर्चचा आराखडा रोम-लिस्बनकडचा. जांभा, चुना आणि चिरा घडवणारे हात येथले. १६२२ साली झेवियर यांना संतपद मिळाले. १६२४ साली त्यांचा देह बॉम जेझूसमध्ये आणला गेला. १६३६-३७ साली त्यासाठी चांदीची पेटी घडवली ती गोव्याच्या सोनारांनी. ती पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवली आहे, तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ साली येथे उभा केला गेला. फ्लॉरेन्सचा संगमरवर खाली, गोव्याची चांदी वर. या दोन्ही गोष्टी एकाच स्मारकात आज पाहता येतात.

तथापि या मिलाफाचे गोडवे गाताना दुसरी बाजू झाकणे हाही एक प्रकारचा गिलावाच ठरेल. ज्या सत्तेच्या छायेत ही चर्च उभी राहिली, तिनेच १५६० नंतरच्या दशकात सासष्टी-बारदेशांतील देवळे पाडली. १५६० ते १८१२ या काळात येथे इन्क्विझिशन होते. १६८४ साली व्हाइसरॉयच्या हुकमाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी आली. ज्या भाषांत स्टीफन्स यांनी पुराण आणि व्याकरण रचले, त्यांवरच गदा आली. श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. कवळ्याचे मंदिर अठराव्या शतकात भव्य रूपात उभे राहिले ते साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारातील मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने. आणि विस्थापितांच्या त्या देवळांत काय दिसते? घुमट, अर्धवर्तुळाकार कमानी, भिंतीतून किंचित पुढे आलेले युरोपीय धाटणीचे खांब. ज्यांनी देव हलवायला भाग पाडले, त्यांच्या वास्तूंचीच लय गवंड्यांच्या हातात उतरली होती. जखम आणि देवाणघेवाण एकाच भिंतीत असू शकतात. आमच्या तासगावात परशुरामभाऊ पटवर्धनांनी गणपतीच्या देवळापुढे सात मजली गोपूर उभारले, तेही दक्षिणेकडच्या मोहिमांत पाहिलेल्या देवळांवरून असे सांगतात. कृष्णाकाठच्या मुलुखात ते गोपूर आज कोणालाही परके वाटत नाही.

जुन्या गोव्याचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. साथींनी शहर ओस पडत गेले. १७५९ साली जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलले. १८३५ साली उरलेल्या धर्मसंघांचीही गच्छंती झाली. संत ऑगस्टीनचा मठ तेव्हा रिकामा झाला. १८४२ साली त्याच्या चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भिंत पडली, आणि आज उरला आहे तो जांभ्याचा एक उंच, एकाकी मनोरा. निगा थांबली की जांभ्याची वास्तू किती लवकर ढासळते, याचा तो पुरावा बॉम जेझूसपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर उभा आहे. तो पाहायला विद्यार्थ्यांना अवश्य न्यावे.

म्हणून गिलाव्याचा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. १९८६ साली गोव्याची चर्च आणि मठ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यानंतरही दर पावसाळ्यात उघडा दगड झिजतो आहे. २०२० साली चर्चच्या प्रमुख धर्मगुरूंनी छपराच्या रखडलेल्या दुरुस्तीबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. चुन्याचा गिलावा पुन्हा द्यावा, असे संवर्धनाच्या जाणकारांपैकी अनेकांचे म्हणणे आहे. विरोधकांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. ते म्हणतात, सत्तर वर्षांत दोन-तीन पिढ्यांनी हेच तांबडे रूप पाहिले आणि त्यावरच जीव लावला. हे रूप आता गोव्याची खूण झाले आहे. ते झाकणे म्हणजे त्यांच्या स्मृतीवर पांढरा हात फिरवणे. या भावनेला आम्ही हसणार नाही. अपपाठही पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला की त्याला एक सत्यता येते. वारकऱ्याच्या ओठी बसलेला अभंगाचा पाठ संपादकाने बदलला म्हणून बदलत नाही. परंतु अपपाठाने अभंगाचा कागद विरत नाही. येथे या पाठामुळे वास्तूच झिजते आहे. स्मृती जपण्यासाठी छायाचित्रे आहेत. भिंतीसाठी चुनाच हवा. अर्थात तो चुनाच असावा. सिमेंटचा थर आतली ओल आतच कोंडतो, आणि तसा गिलावा देणे ही दुसरी, कदाचित अधिक महाग चूक ठरेल.

या साऱ्यातून आमच्या हाती लागले ते एवढेच. 'मूळ' म्हणजे सर्व थर काढल्यावर तळाशी उरणारी वस्तू, अशी आमची समजूत होती. पोथ्या तशा टिकल्या नाहीत. भूर्जपत्र कुजते, कागद कसरीने खाल्ला जातो. ज्ञानेश्वरी टिकली ती दर पिढीत कोणीतरी तिची नवी नक्कल करून घेतली म्हणून. चुन्याच्या भिंतीचेही असेच आहे. दर काही वर्षांनी गवंड्याने दिलेला नवा हात ही त्या वास्तूची नवी प्रत असते. त्या हाताला आम्ही 'मुलामा' म्हणून हिणवत आलो, आणि प्रत करणे थांबले त्या क्षणाला 'मूळ रूप' म्हणत आलो.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन भरले. त्यासाठी ते अवशेष बॉम जेझूसमधून रस्त्यापलीकडे से कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. काही पावलांचेच ते अंतर. दर्शनार्थींच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी दोन्ही भिंती होत्या : एक तांबडी, तरुण वयातच म्हातारी दिसणारी; दुसरी पांढरी, तिच्याहून आधी पाया घातलेली आणि तरीही ताजी. १७७६ साली त्या कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला तो कोसळलाच, पण भिंतीवरचा चुना कोणी काढला नाही.

पुढच्या सहलीत आम्ही विद्यार्थ्यांना आधी पांढऱ्या चर्चसमोर उभे करणार आहोत. तेथून वळून तांबड्याकडे पाहायला सांगू, आणि जुने वाक्य मागे घेऊ.